तेलाचं गाव विचारायला नगरला गेलो, त्याची हकीगत

नगरहून आल्यापासून जी ती दारात येऊन विचारते, "काय झालं गं तिकडं?" एकीला सांगावं तर दुसरी येते, आणि पहिलीनं तिला निराळंच सांगितलेलं असतं. सांगून सांगून तोंड दुखलं. म्हणून हे एकदाच लिहून ठेवते. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं, ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवावं, आणि मला परत विचारू नये.

आधी जायचं कारण सांगते. आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, काळ्या रानाचं आणि कमी पाण्याचं. करडईला पाणी पाजावं लागत नाही, म्हणून आमच्याकडं करडई. आमच्या बायकांच्या गटानं लाकडी घाणा घेतला, तो मोटरवर फिरतो. त्याचं तेल पुण्याचा एक दुकानदार घेतो आणि बाटलीवर आमच्या गावाचं नाव छापतो. त्या नावाकडं बघून तिकडची माणसं बाटली उचलतात म्हणे. ज्या गावाला एसटी धड येत नाही त्याचं नाव वाचून कोणी तेल घेईल, हे मला पटत नव्हतं. पण घेत होते.

यंदा तेलाचा रंग फिका आला. पावसानं घोळ घातला, बी बारीक राहिलं, दुसरं काही नाही. पण दुकानदाराच्या डोक्यात भरलं की या बाया कुठून तरी बाहेरची करडई आणतात आणि आपल्या गावची म्हणून देतात. आधी कुठल्या तरी गटानं त्याला तसं फसवलं होतं. त्याची शिक्षा आम्हाला. त्यानं दुकानातली आमची एक बाटली नगरच्या प्रयोगशाळेत पाठवली आणि मला फोन केला. म्हणाला, "आजी, तेल कुठल्या मातीतलं आहे ते आता तपासता येतं. पण ताडून बघायला तुमच्या गावचं अस्सल तेल लागतं. ते तुम्ही नेऊन द्या. दोन्ही जुळली तर गावाचं नाव राहील. नाही जुळली तर तेलही नको आणि नावही नको."

गटाची अध्यक्ष मी. सगळ्यांत म्हातारी म्हणून केलेली आहे. तेव्हा जाणं आलंच. प्रयोगशाळेच्या मॅडमनं फोनवर सांगितलं होतं तशी बाटली तोंडापर्यंत भरली. सोबत माझी धाकटी जाऊ हौसा. तिला नेलं, कारण तिनं ऐकलंच नाही.

शुक्रवार, घोडेगाव

सकाळची एसटी आली नाही. का आली नाही हे विचारायला स्टँडवर माणूसही नव्हता. तेवढ्यात बबनचा पिकअप आला. त्यानं काच खाली केली. "नगरला ना आजी? बसा की. सरळ नगर!"

सरळ म्हणून बसलो. मागं शेळ्या ओरडत होत्या, ते आधी ध्यानात घ्यायला हवं होतं. बबननं गाडी कुकाण्याकडं वळवली तेव्हा मी म्हणाले, "आरं, इकडनं कुठं?"

"घोडेगावचा बाजार हाय न्हवं आज. शेळ्या उतरवतो, धा मिन्टात मोकळा. मग डायरेक नगर."

घोडेगावचा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांनी दहा मिनिटं या शब्दावर विश्वास ठेवावा. गावाच्या अलीकडंच गाड्या अडकलेल्या. म्हशी, बैल, शेळ्या, उसाचा ट्रॅक्टर, आणि मधोमध एक माणूस मोबाईलवर बोलत उभा. ऊन असं की पिकअपच्या दाराला हात लावला तर चटका बसे. शेण, गोमूत्र आणि भज्यांचा वास एकत्र येत होता. तरी भजी मागवली. तिखट बरी होती, तेल किती वेळा उकळलेलं होतं ते देव जाणे.

आमच्या खिडकीशीच एक सौदा चालला होता. विकणारा म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "हरयानाची हाय पाव्हनं. तिकडनं आनलीय."

घेणाऱ्यानं म्हशीची शिंगं बघितली, कास बघितली, मग विकणाऱ्याचं तोंड बघितलं. "हिनं हरयाना टीव्हीत तरी बघितलंय का?"

"तुमाला काय पारख!"

"पारख हाय म्हनून तर इचारतो. वैरन दाव हिला, कंची खाती बघू."

मी हौसाला म्हणाले, "बघ, इथं पण तेच चाललंय." पण हौसा शेजारी नव्हती. तिच्याकडं दिलेली तेलाच्या बाटलीची पिशवीही नव्हती. पाय मोकळे करायला उतरली असेल म्हणून मी बबनला शोधायला गेले. तो एका शेळीवरून कुणाशी तरी शपथा घेत होता. त्याला हाताला धरून आणला तोवर हौसा परत येऊन बसलेली. पिशवी मांडीवर, कपाळाला शेंदूर.

"कुठं गेल्तीस?"

"तिकडं लिंबाखाली शनीचं ठानं हाय. हात जोडून आले."

"पिशवी कशाला न्यायची?"

"गाडीत ठिवून जाऊ? तुमीच म्हनला ना, बाटली डोळ्याआड करू नको."

म्हणाले होते खरं.

पुढं पांढरीपूल, इमामपूरचा घाट, आणि घाटात एक ट्रक बंद पडलेला. नगरला माझी भाची सुनीता राहते, तिच्याकडं पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. सुनीतानं वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. भरिताची फोडणी रिफाइंड तेलाची. गेल्या दिवाळीला मी तिला आमच्या तेलाचा डबा पाठवला होता, तो फळीवर वर ठेवलेला दिसला.

"ते का वापरत न्हाईस गं?"

"मावशी, पोरं म्हणतात वास येतो."

तेलाला वास नसेल तर ते कशाचं आहे हे कळणार कसं? पण तिच्या घरात तिचंच जेवण, म्हणून एवढंच म्हणाले आणि दोन भाकरी खाल्ल्या.

शनिवार, नगर

एमआयडीसीत रिक्षावाल्यानं आम्हाला दोन चुकीच्या फाटकांवर उतरवून तिसऱ्यावर बरोबर उतरवलं. प्रयोगशाळा म्हणजे एक स्वच्छ इमारत आणि आत इतकी थंडी की हौसानं पदर डोक्यावरून कानापर्यंत ओढला. चपलांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. हौसा म्हणाली, "देवळात चपला काढत्यात. हितं चपलंला कापडं घालत्यात."

मॅडम तिशीतली, केस बांधलेली, पांढरा कोट. बोलायला चांगली होती. तिनं बाटली घ्यायला हात पुढं केला तर हौसा मागं सरकली आणि बाटली टेबलावर ठेवली.

"शनिवारी तेल हातात देऊ न्हाई," ती म्हणाली.

मॅडम हसली. "बरं. मी टेबलावरून घेते."

मी तिला विचारलं, तेलाला बोलता येत नाही, मग ते गाव कसं सांगतं? तिनं जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पावसाच्या पाण्यात हलकं पाणी असतं आणि थोडं जड पाणी असतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच. समुद्रापासून किती लांब, ऊन किती, हवा किती कोरडी, याप्रमाणं दर मुलखात त्यांचं प्रमाण बदलतं. झाड ते पाणी पितं, आणि त्याची खूण बियात आणि तेलात राहते. मातीतले धातूही कणाकणानं येतात. ते सगळं मोजायचं आणि ताडून बघायचं. त्याचं मोठं मशीन हैदराबादला आहे, हिच्याकडं फक्त पहिली तपासणी होते, म्हणजे तेल चोख आहे की त्यात दुसरं काही आहे. करडईच्या बाबतीत तिच्याकडं सोलापूरची, विदर्भाची, कर्नाटकातली तेलं आधीच होती. आमच्या गावचं नव्हतं.

"हे सगळं निघालं परदेशात, ऑलिव्हच्या तेलासाठी," ती म्हणाली. "जैतून म्हणतात ते. तिकडं एका देशाचं तेल दुसऱ्या देशाच्या नावानं विकतात. नावाला भाव असतो."

तिनं कपाटातून हिरवट तेलाची बाटली काढली आणि चमच्यात थोडं दिलं. मी चाखलं. कडू. वर गळ्याला असं झोंबलं की खोकला आला.

"झोंबलं का? चांगल्या तेलाची तीच खूण."

"आमच्यात झोंबलं तर खवट म्हनत्यात आन् दिव्याला लावत्यात," मी म्हणाले.

त्यावर मॅडम खूप हसली. आमची बाटली घेऊन आत गेली. आम्हाला चहा आला. चहा चांगला, कप मात्र अंगठ्याएवढा.

ती परत आली तेव्हा हसत नव्हती. कॉम्प्युटरवर तिनं डोंगरांसारख्या रेघा दाखवल्या. "आजी, ही दुकानातून आलेली बाटली. बघा, करडईचा डोंगर इथं येतो, तो एकटाच उंच आहे. तेल चोख आहे. आणि ही तुम्ही आत्ता आणलेली. हा दुसरा डोंगर बघा. हा पामतेलाचा. थोडाथोडका नाही."

"मशीन बिघडलं आसंल."

"दोनदा घातलं."

"तिसऱ्यांदा घाल. बी माझ्या रानातलं. घाना आमचा. बाटली मी सोता धुऊन, उनात वाळवून भरली. मी काय नगरला पामतेल घिऊन आले व्हय? मला येड लागलंय?"

"मी तसं म्हणत नाही. पण दुकानदार तसंच म्हणणार. संशय ज्या बाटलीवर होता ती चोख, आणि अस्सल म्हणून आणलेलीत भेसळ. याचा अर्थ तो काय लावेल?"

काय लावेल ते मला कळत होतं. गटातल्या एकेकीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढं आलं. माझ्या पोत्याची मला खात्री होती, दुसऱ्यांच्या पोत्याची मी कशी देणार? पण ही बाटली तर माझ्याच पोत्याची. मी मशीनला, मॅडमला, दुकानदाराला, सगळ्यांना बोलले. आवाज इतका चढला की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला.

हौसा चहाच्या कपात बघत होती. तिच्या कपात चहा नव्हता.

"हौसा."

"आक्का, वराडू नका. लोकं बघत्यात."

"हौसा, काय केलंस?"

"शनिवारी तेल घराभाईर द्यायचं. ते बी असल्या कामाला. मग आधी शनीला नको वाहायला? त्याच्या मुलखातनं तेल घिऊन जायचं आन् त्यालाच न्हाई? चार थेंब वाहिलं तर थट्टा केल्यागत व्हतंय. म्हनून अर्धी वाहिली."

"अर्धी!"

"मग बाटली तोंडापातुर भरल्याली पायजे, हवा ऱ्हाऊ द्यायची न्हाई, आसं हिनीच फोनवर सांगितलं व्हतं ना? म्हनून तितल्या टपरीवरनं वाहायचं तेल मिळतं ते घेतलं आन् भरली."

मी कपाळावर हात मारला. "आगं ये बाई, मग ते टपरीवरचं शनीला वाहायचं आन् आपलं बाटलीत ठिवायचं!"

हौसानं माझ्याकडं असं बघितलं जणू मीच काहीतरी अभद्र बोलले. "इकतचं तेल देवाला? आपल्या रानातलं आसताना? देवाला कळत न्हाई व्हय, कुठलं तेल हाय ते?"

"आन् मशीनला कळत न्हाई, आसं वाटलं तुला!"

"मला काय म्हाईत, मशीन येवढं खवचट आसतंय!"

मॅडमनं तोंडावर रुमाल धरला होता. मला हसू येत नव्हतं. अजूनही येत नाही. सगळा गाव एका बाटलीत घालून आणला होता आणि ही त्यातला अर्धा लिंबाखाली ओतून आली.

मॅडम म्हणाली, "चूक माझीही आहे. ताडून बघायचं तेल असं कुणाकडून मागवत नाहीत. मी स्वतः गावात येऊन घ्यायला हवं होतं."

"मग आली का न्हाईस?"

"लांब पडतं म्हणून."

"आमाला जवळ पडतं व्हय?"

तिनं कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाली, "जे सापडलं ते मला दुकानदाराला कळवावं लागेल. लपवता येणार नाही."

"लपीव म्हनलंय कुनी? फोन लाव. मीच सांगते."

सांगितलं. शनी, लिंब, टपरी, सगळं. मग दुकानदार म्हणाला, "आजी, भेसळ सापडली की प्रत्येक जण काहीतरी सांगतो. तुमचं नवीन आहे एवढंच."

"खोटं बोलायचं आसतं तर ह्यापरीस चांगलं बोलले असते," मी म्हणाले.

ते त्याला कुठंतरी लागलं असावं. शेवटी म्हणाला, मॅडम स्वतः गावात जाऊन, स्वतःसमोर घाणा चालवून, स्वतः सील करून आणतील तेच मी धरीन. त्यात जरा काही निघालं तर विषय संपला.

मॅडम म्हणाली, उद्या येते.

रविवार, परत गावी

मॅडमच्या गाडीतून आलो. करंजीच्या घाटातून, तिसगाववरून. गाडीत गारवा होता आणि वाटेत शेळ्या नव्हत्या. हौसा मागच्या सीटवर बाहेर बघत बसली. रस्त्यात एक मारुतीचं देऊळ लागलं तेव्हा मी मागं वळून बघितलं. ती म्हणाली, "बघता काय? माझ्याकडं तेल न्हाई आता."

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. घाणा तयार ठेवा म्हणून मी बबनला फोनवर सांगितलं होतं, त्यानंच पोचवली असणार, आणि त्यात काय काय घातलं असणार. घाण्यापाशी सगळ्या बायका जमलेल्या. हौसा गाडीतून उतरली तर एक जण मोठ्यानं म्हणाली, "आली बाई, पामतेल!" हौसा कुणाकडं न बघता घरात गेली.

मॅडमनं रानातली माती घेतली, निरनिराळ्या तुकड्यांतली. मग विहिरीचं पाणी घेतलं. त्यावर बायकांत कुजबुज सुरू झाली. "पानी कशाला? तेलात पानी घातलं म्हनत्यात का आता?" मी सांगितलं, पावसाचंच पाणी विहिरीत उतरतं, झाड काय पिऊन वाढलं ते त्यावरून बघतात. "मग माझ्या म्हाताऱ्याचं बी घ्या," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण पुढची गोष्ट मला ठाऊक होती.

मॅडमनं प्रत्येकीच्या घरातून पोतं मागवलं. प्रत्येक पोत्यातून, तळापर्यंत हात घालून, बी काढलं. मी एकेकीच्या तोंडाकडं बघत होते. कुणी बाहेरचं मिसळलं असेल तर आता कळेल. पण आमच्याकडं तपासणीचा माणूस समोर आला की खरा असो खोटा असो, सगळेच खाली बघतात. त्यामुळं मला काही कळलं नाही. ते दोन तास मला घाटातल्या ट्रकपेक्षा लांब गेले.

घाणा चालू केला. तेल सुटावं म्हणून नेहमीसारखा गरम पाण्याचा शिपका मारायला एकीनं तांब्या घेतला तर मॅडम म्हणाली, ते पाणीही वेगळ्या बाटलीत द्या. तेल खाली गळायला लागलं. फिकंच होतं. मॅडमनं बाटल्या भरल्या, बुचावर लाख लावली, सही केली, आणि मग मी सही केली. माझी सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. तिला घाई होती तरी थांबली.

जेवायला आमच्याकडं आली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर कच्चं तेल. हौसानंच वाढलं. मॅडमनं चटणीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "याला वास किती छान आहे." हौसानं तिला आणखी एक पळी तेल वाढलं, नको म्हणत असताना.

ती गेल्यावर हौसाचं काय करायचं यावर बायकांनी बैठक मागितली. काहींचं म्हणणं, तिला गटातून काढा. मी म्हणाले, हैदराबादचं उत्तर येऊ द्या. मग ते आलं नाही, आलं नाही. एका बाजूनं वाट बघायची, दुसऱ्या बाजूनं रोज कुणीतरी पाणवठ्यावर हौसाला टोमणा मारायचं, आणि तिनं घरी येऊन भांडी आपटायची. भांडी माझी.

उत्तर या सोमवारी आलं. दुकानदाराचाच फोन. दोन्ही तेलं जुळली. त्याच्या दुकानातलं आणि आमच्या घाण्यावरचं एकाच मातीचं, एकाच पाण्याचं. सोलापूरचं नव्हे, कर्नाटकचं नव्हे, कुठलंच नव्हे. सगळ्यांची पोती खरी. "आजी, तेल तुमच्याच गावचं निघालं," तो आनंदानं म्हणाला.

"ते आमाला ठावं व्हतं. तुमाला कळायला हैदराबाद लागलं."

"चुकलं आमचं. आता बाटलीवर तपासलेलं तेल म्हणून छापतो. दिवाळीला मात्र तिप्पट माल लागेल."

"तिप्पट? येवढी करडई गावात पिकत न्हाई."

"मग आजूबाजूच्या गावांतून घ्या ना. करडई ती करडई. आता काय, रिपोर्ट आहे आपल्याकडे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं, जरा हळू आवाजात, समजूत घालतात तसं.

मी म्हणाले, "रिपोर्ट त्या बाटलीचा हाय, साहेब. पुढच्या बाटलीचा न्हाई. हाय तेवढं तेल मिळंल. ते संपलं की शिमग्यानंतर, नवी करडई आल्यावर फोन करा." त्यानं काहीतरी बोलायला सुरुवात केली, मी फोन ठेवला.

हौसा चुलीपाशी बसून ऐकत होती. "काय म्हनला?"

"जुळलं म्हनला. आन् आता भाईरचं घाला म्हनतोय."

हौसा उठली. पदर खोचला आणि दाराकडं निघाली.

"कुठं चाललीस?"

"पानवठ्यावर," ती म्हणाली. "मी अर्ध्या बाटलीत घातलं तर मला गटातनं काढत व्हत्या. जरा इचारून येते, ह्याला कशातनं काढायचं."